दुकान बंद, तरी हमाल राबतो!



मागील अंकात आपण पेढीवरील संगणकाचे संकेतशब्द कोणी, कसे आणि कोठे जपावेत याचा विचार केला. या वेळी अशा एका तक्रारीकडे वळू या, जी आजवर निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या शब्दांत माझ्या कानी आली आहे. तक्रार अशी : संगणकावर कोणी बसलेले नाही, हिशेबाचा प्रोग्राम उघडलेला नाही, पडद्यावर नुसते चित्र आहे, तरीही ‘डिस्क’ या शब्दासमोर 100 टक्के हा आकडा ठाण मांडून बसतो. मग बिल उघडण्यास पाच मिनिटे लागतात, गिऱ्हाईक ताटकळत उभे राहते, आणि शेवटी कोणीतरी वैतागून यंत्राचे बटण दाबून ते बंद करते.

या दुखण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी काही अगदी निरुपद्रवी, तर एखादे असे की त्याकडे केलेले दुर्लक्ष कित्येक वर्षांचा हिशेब एका रात्रीत नाहीसा करू शकते. म्हणूनच एकाच औषधाने सारे रोग बरे करू पाहणाऱ्या सल्ल्यांपासून सावध राहून, क्रमाने निदान कसे करावे हे आज सांगावयाचे आहे. प्रारंभी घरातलीच एक हकीकत सांगतो.

एका पेढीची गोष्ट

सांगलीकडील एका तालुक्याच्या गावी आमच्या धाकट्या चुलतभावाची भुसार मालाची घाऊक पेढी आहे. महिन्याची 18 तारीख होती. जीएसटीचे 3-बी विवरणपत्र भरण्यास दोनच दिवस उरलेले. सकाळीच भावजयीचा फोन आला. “दादा, संगणक चालेना. काल दिवसभरात दिवाणजींची सात बिलं निघाली. मुलगा म्हणतो, रात्री दुरुस्ती लावतो, सकाळपर्यंत नीट होईल. लावू देऊ का?”

मी विचारले, “हिशेबाची नक्कल शेवटची कधी घेतली?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आले, “दिवाळीला वहीपूजन झालं तेव्हा घेतली होती बहुतेक.” त्या गोष्टीला आठ महिने झाले होते.

“मग आज कशालाही हात लावू नका. संगणक बंद करा. मी दुपारच्या एसटीने येतो,” असे सांगून मी फोन ठेवला.

पुतण्या हुशार आहे. त्याने तोवर बरेच उपाय करून पाहिले होते. लग्नाचे जुने व्हिडिओ पुसून जागा मोकळी केली होती. कोठेतरी ऐकून दोन ‘सेवा’ बंद केल्या होत्या. तासभर बरे वाटले, पुन्हा तेच. मी गेल्यावर तो म्हणाला, “काका, डिस्क शंभर टक्के भरली होती, म्हणून मी चाळीस जीबी रिकामी केली. तरी शंभरच दाखवते!”

येथेच पहिला गैरसमज आहे आणि तो बहुतेकांचा असतो.

गोदाम आणि हमाल

आपल्या व्यवसायातील उदाहरण घेऊ. गोदामात किती पोती मावतात हा एक प्रश्न. आणि गोदामातील हमालाला दिवसभरात किती वेळ उसंत मिळाली हा दुसरा. पोत्यांनी अर्धेच भरलेले गोदाम असेल, पण हमाल मात्र सकाळपासून एक क्षणही बसला नसेल, असे सहज घडते. टास्क मॅनेजरमधील डिस्कचा टक्का गोदामाविषयी काही सांगत नाही, तो हमालाविषयी सांगतो. मागील क्षणभरात किती टक्के वेळ डिस्क कोणत्या ना कोणत्या मागणीत गुंतलेली होती, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे फोटो पुसून हा आकडा सहसा खाली येत नाही.

आता हमाल ‘सतत गुंतलेला’ का दिसतो याचीही तीन चित्रे संभवतात. पहिले : खरोखरच मोठा माल आला आहे आणि तो झपाझप पोती वाहतो आहे. दुसरे : कोणी त्याला एकेक मूठ धान्य या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेण्यास सांगत आहे; तो धावतो खूप, पण माल हलतो थोडा. तिसरे : हमालच आजारी आहे, एक पोते उचलण्यास त्याला घटका लागते, पण नोंद मात्र ‘कामात आहे’ अशीच होते. तिन्ही चित्रांत टक्का 100च दिसेल. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत.

जुन्या डिस्कची मर्यादा

दुसरे चित्र समजण्यासाठी थोडे गणित करू. व्यापारी घरात गणिताचा कंटाळा नसतो. पुष्कळ दुकानांतील संगणकांत अजूनही फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्यास सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4.2 मिलिसेकंद थांबावे लागते. आणि त्याआधी ते टोक धरणारा हात योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा मिलिसेकंदांत एक मागणी पुरी होते. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी. प्रत्येक मागणी 4 किलोबाइटची असेल, तर सेकंदाला अवघे 320 किलोबाइट वाचले जातात.

हीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट देते. म्हणजे यंत्र तेच, पण काम विखुरलेले असेल तर वेग तीनशे पटींनी घसरतो. लॅपटॉपमधील 5400 फेऱ्यांची डिस्क त्याहूनही मंद. याउलट एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे एक मागणी साधारण एक दशांश मिलिसेकंदात पुरी होते. आजची विंडोज आणि तिच्यावरील प्रोग्राम विखुरलेल्या मागण्या फार करतात, म्हणून फिरत्या तबकडीवर हा त्रास विशेष जाणवतो.

कोणी नसताना काम कोण सांगते?

विंडोजची रचनाच अशी आहे की मालक कामात असताना ती आपली आवराआवर पुढे ढकलते, आणि यंत्र रिकामे दिसताच ती काढते. देखभालीची ही कामे मध्यरात्रीनंतर उरकावीत अशी मूळ योजना असते. पण आपली दुकाने रात्री आठ-नऊला बंद होतात आणि संगणकाचे बटणही त्याबरोबर बंद होते. राहिलेली कामे मग सकाळी दुकान उघडल्यावर, चहा येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात, एकदम उभी राहतात. ‘कोणी काम करीत नसताना’ डिस्क राबते याचे पुष्कळदा हेच साधे कारण असते.

ही कामे सांगणारे नेहमीचे मुनीम असे : विंडोजचे अद्ययावतीकरण, विषाणूरोधक प्रोग्रामची तपासणी, शोध सुलभ व्हावा म्हणून सर्व फाइलींची सूची बनविणारी ‘विंडोज सर्च’ ही सेवा, आणि आपण नेहमी वापरतो ते प्रोग्राम आधीच स्मरणात आणून ठेवणारी ‘सिसमेन’ ही सेवा, जिचे पूर्वीचे नाव ‘सुपरफेच’ होते. याशिवाय ढगात, म्हणजे दूरच्या साठवणुकीत, फाइली पाठविणारे ‘वनड्राइव्ह’सारखे प्रोग्राम असतात. यांतील कोणीही शत्रू नाही. प्रत्येकाचे काम संपले की तो थांबतो.

म्हणून पहिला नियम : संगणक सुरू केल्यानंतर वीस मिनिटे त्याला त्याचे काम करू द्या. मोठ्या अद्ययावतीकरणानंतर तर एक-दोन तासही लागू शकतात. आकडा आपोआप खाली आला, तर रोग नाहीच. आठवड्यातून एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत यंत्र मुद्दाम चालू ठेवावे. राहिलेली आवराआवर तेव्हा उरकते.

तीन आकडे वाचा

आकडा खाली येत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. (विंडोज 7 मध्ये त्यात डिस्कचा रकाना नाही, तो पुढील आवृत्तीपासून आला.) ‘परफॉर्मन्स’ या विभागात डिस्कवर टिचकी मारा आणि एका कागदावर तीन आकडे लिहून घ्या : ‘ॲक्टिव्ह टाइम’, ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ आणि वाचन-लेखनाचा वेग. जवळच ‘मेमरी’चा टक्काही पाहा.

पहिला प्रकार : गुंतलेला वेळ 100 टक्के, वेग सेकंदाला पन्नास-शंभर मेगाबाइट, प्रतिसाद थोड्या मिलिसेकंदांचा. डिस्क निरोगी आहे, काम मोठे आहे. ‘प्रोसेसेस’ विभागात डिस्कच्या रकान्यावर टिचकी मारली की सर्वांत अधिक काम सांगणारा वर येतो. तो विषाणूरोधक असेल, तर त्याची सखोल तपासणी जेवणाच्या वेळेवर लावा. पण तो बंद कधीही करू नका. एकाच संगणकावर दोन विषाणूरोधक असतील, तर मात्र एक काढून टाका. दोघे एकमेकांच्या मागे तीच फाइल पुन्हा पुन्हा तपासत राहतात.

दुसरा प्रकार : गुंतलेला वेळ 100 टक्के, वेग एखादा मेगाबाइट किंवा त्याहून कमी, प्रतिसाद काही दहा ते दोनशे मिलिसेकंद. येथे विखुरलेल्या मागण्या आहेत. मेमरीचा टक्का 90च्या पुढे असेल, तर कारण बहुधा तेच. स्मरणात जागा न उरल्याने विंडोज त्यातील मजकूर डिस्कवरील ‘पेजफाइल’मध्ये टाकते आणि लागेल तसा परत आणते. गादीवर जागा नाही म्हणून प्रत्येक वही गोदामात ठेवायची आणि प्रत्येक नोंदीला ती पुन्हा आणवायची, तसा हा प्रकार. चार जीबी मेमरीच्या यंत्रावर ब्राउझरची दहा पाने, हिशेबाचा प्रोग्राम आणि फोनवरील संदेशांचा प्रोग्राम एकदम उघडे असतील, तर दुसरे काही घडणे शक्यच नाही. उपाय : मेमरी आठ जीबीपर्यंत वाढविणे आणि अनावश्यक प्रोग्राम सुरुवातीलाच सुरू होणार नाहीत असे करणे. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागात त्यांची यादी मिळते.

मेमरी पुरेशी असूनही हा प्रकार दिसला, तर ‘सिसमेन’ ही सेवा केवळ त्या दिवसापुरती थांबवून पाहावी. फरक पडला तरच ती कायम बंद करावी; न पडल्यास पूर्ववत चालू करावी. सूची बनविणारी सेवा समूळ बंद करण्यापेक्षा ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये जाऊन हिशेबाचा फोल्डर तिच्या यादीतून वगळणे शहाणपणाचे. तो फोल्डर दिवसभर बदलत असतो आणि त्यातील फाइली शोधण्याची आपल्याला गरजही नसते.

तिसरा प्रकार : गुंतलेला वेळ 100 टक्के, वेग जवळजवळ शून्य, आणि प्रतिसाद हजारो मिलिसेकंद. हा आजारी हमाल. येथे सारे काम थांबवा.

आमच्या भावाच्या पेढीवर मी पाहिलेले आकडे होते : 100 टक्के, 0.1 मेगाबाइट, 4200 मिलिसेकंद. एका मागणीला चार सेकंद! कान जवळ नेला, तर यंत्राच्या पोटातून थांबून थांबून टक्-टक् असा आवाज येत होता.

आजार कसा ओळखावा?

डिस्कच्या एखाद्या भागाची चुंबकीय नोंद पुसट होते. ती वाचता न आल्यास डिस्क हार मानत नाही. तेच स्थान पुन्हा पुन्हा, कित्येक सेकंद वाचून पाहते. तेवढा वेळ मागच्या सर्व मागण्या रांगेत तिष्ठत राहतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, यंत्र संथ झाले. वास्तविक ते एका अडलेल्या शब्दावर अडखळत असते.

याचे पुरावे दोन ठिकाणी मिळतात. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘सिस्टिम’ या नोंदवहीत डिस्कच्या नावाने क्रमांक 7 ची नोंद असेल, तर खराब भाग सापडला आहे. क्रमांक 153 असेल, तर मागणी पुन्हा करावी लागली आहे. क्रमांक 129 असेल, तर उत्तर न आल्याने विंडोजला यंत्रणा पुनःप्रारंभित करावी लागली आहे. दुसरा पुरावा डिस्क स्वतःच ठेवते. तिच्यात ‘स्मार्ट’ नावाची प्रकृतीची नोंदवही असते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा विनामूल्य प्रोग्राम ती वाचून दाखवतो : निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. तबकडीच्या डिस्कमध्ये त्यातील क्रमांक 5 म्हणजे बदली कराव्या लागलेल्या भागांची संख्या, आणि क्रमांक 197 म्हणजे वाचता न येणारे, निर्णयाच्या प्रतीक्षेतील भाग. या दोहोंतील वाढता आकडा ही निरोपाची नोटीस समजावी. मात्र निळा रंग ही अभयपत्रिका नव्हे. काही डिस्का पूर्वसूचना न देताच जातात.

क्रमांक 199 वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा असतो. ती केबल बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय. जुना आकडा पुसला जात नाही. तो पुढे वाढतो की थांबतो, एवढेच पाहावयाचे.

आणखी एक विरळा प्रकार आहे. डिस्क व केबल दोन्ही निरोगी, पण विंडोज 10 सोबत येणारा ‘स्टोरएएचसीआय’ हा चालक-प्रोग्राम आणि काही मदरबोर्डांवरील नियंत्रक यांचे जुळत नाही. त्या नियंत्रकांच्या अंतर्गत प्रणालीतील दोषामुळे काम झाल्याचा इशारा विंडोजपर्यंत नीट पोहोचत नाही आणि टक्का 100वर अडकून राहतो. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य करून रजिस्ट्रीतील ‘एमएसआय’ ही सोय त्या नियंत्रकापुरती बंद करण्याचा मार्ग सांगितला होता. हे काम घरी करू नये. जाणत्या तंत्रज्ञाकडून, रजिस्ट्रीची नक्कल ठेवून, आणि बाकी सारी कारणे तपासून झाल्यावरच करावे.

दुरुस्तीआधी नक्कल

पुतण्या रात्री जी दुरुस्ती लावणार होता, ती म्हणजे ‘चेकडिस्क’ची सखोल तपासणी. निरोगी डिस्कवर ती उपयुक्त आहे. पण मरणासन्न डिस्कचा प्रत्येक कोपरा ती रात्रभर वाचत राहते. आणि अडखळणाऱ्या टोकाला एवढी धावपळ सोसतेच असे नाही. शिवाय तिचे ध्येय डिस्कची मांडणी सुसंगत करणे हे असते, आपला मजकूर वाचविणे हे नव्हे. तीच गोष्ट ‘डीफ्रॅगमेंट’ची. आजारी माणसाला आधी घराबाहेर सुरक्षित नेतात, मग घराची डागडुजी करतात. येथेही क्रम तोच : आधी नक्कल, मग दुरुस्ती.

त्या संध्याकाळी आम्ही डिस्क काढून दुसऱ्या संगणकास बाहेरून जोडली, म्हणजे तिच्यावर विंडोज चालविण्याचा भार पडू नये. सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत लहान वस्तू आधी : हिशेबाचा फोल्डर. तो जेमतेम साडेतीनशे मेगाबाइटचा. एरवी काही सेकंदांचे काम. त्या दिवशी पाऊण तास लागला. भाऊ, भावजय, दिवाणजी सारे पडद्यावरील हिरव्या पट्टीकडे पाहत उभे होते. पट्टी दोनदा अडली, दोनदा पुढे सरकली आणि पूर्ण झाली. दुसऱ्या संगणकावर हिशेब उघडून पाहिला. त्या सकाळचे शेवटचे बिल दिसले, तेव्हा दिवाणजी प्रथम खाली बसले.

मग खरेदीची बिले, मग पत्रव्यवहार, आणि शेवटी घरचे फोल्डर. त्यांत एक होता काकूंच्या आवाजाचा. काकू गेल्या त्याच्या आदल्या वर्षी नातीने त्यांना बसवून जुन्या गोष्टी, लोणच्यांची प्रमाणे, माहेरच्या आठवणी असे थोडे थोडे ध्वनिमुद्रित केले होते. 31 फाइली होत्या. 27 आल्या. चार अडल्या त्या अडल्याच. त्यांतील दोन नंतर पुण्यात राहणाऱ्या त्या नातीच्या जुन्या फोनमध्ये सापडल्या. दोन गेल्या.

20 तारखेस विवरणपत्र वेळेवर भरले गेले. हिशेबाचे नुकसान झाले नाही. पण भाऊ मला स्थानकावर सोडण्यास आला तेव्हा हिशेबाविषयी बोलला नाही. म्हणाला, “दादा, त्या दोनमध्ये काय होतं हेही आता आठवत नाही.” बिल पुन्हा लिहिता येते, समोरच्या व्यापाऱ्याकडे त्याची प्रत असते. काही गोष्टींची प्रत कोणाकडेच नसते.

पेढीसाठी नियम

जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेबाची पुस्तके व नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. म्हणजे सहा वर्षांची जबाबदारी एका फिरत्या तबकडीवर सोपविणे हा व्यवहार नव्हे. आपले वाडवडील रोजमेळ आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवीत आणि त्या कोरड्या जागी, कुलपात ठेवीत. तीच शिस्त आजच्या साधनांना लावावयाची आहे.

पहिले : मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुकानाच्या छपराबाहेर. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घरी किंवा दूरच्या साठवणुकीत. आग, पूर आणि चोरी या तिन्ही आपत्ती छपराखालच्या सर्व प्रती एकदम नेतात.

दुसरे : नक्कल घेतली की ती डिस्क काढून ठेवावी. कायम खोचून ठेवलेला पेनड्राइव्ह ही नक्कल नव्हे; विजेचा झटका किंवा फाइली कुलूपबंद करणारा खंडणीचा विषाणू तिलाही सोडत नाही.

तिसरे : रोज दुकान बंद करताना हिशेबाच्या प्रोग्राममधील ‘बॅकअप’ घ्यावा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबल्यास ‘डेटा’च्या यादीत तो मिळतो. सात वारांचे सात फोल्डर करावेत, म्हणजे आजच्या बिघडलेल्या प्रतीने कालची चांगली प्रत पुसली जाणार नाही.

चौथे : महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली रोकड.

पाचवे : विंडोज आणि हिशेब एसएसडीवर ठेवावेत. दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यावर याइतका परिणामकारक उपाय नाही. जुना संगणकही त्याने टवटवीत होतो, आणि खर्च नव्या यंत्राच्या मानाने थोडा. पण एसएसडीही अमर नाही, आणि ती जाते तेव्हा टक्-टक् असा इशाराही देत नाही. म्हणून पहिले चार नियम तिलाही लागू आहेत. ती काठोकाठ भरू नये. थोडी जागा मोकळी ठेवल्यास तिचा वेग टिकतो. जुने यंत्र सुधारताना हेही ध्यानात घ्यावे की विंडोज 10 ला मिळणारा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे.

सहावे : काढलेली जुनी डिस्क भंगारवाल्यास देऊ नये. तिच्यात आपल्या गिऱ्हाइकांची नावे, येणी आणि बँकेची खाती असतात. ती तोडून मगच ई-कचऱ्यात द्यावी. आणि ज्या बंद पडलेल्या डिस्कवर नक्कल नसलेला मजकूर अडकला आहे, ती घरी उघडू नये. धूळविरहित खोलीत काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी.

सारांश इतकाच. 100 हा आकडा दिसला म्हणून घाबरू नये आणि डोळेझाकही करू नये. वीस मिनिटे थांबावे, तीन आकडे लिहावेत, हमाल कामसू आहे, हैराण आहे की आजारी आहे हे ओळखावे. आजाराची शंका येताच इतर काहीही करण्याआधी नक्कल घ्यावी. हा अंक हाती असतानाच घरातील एखाद्या तरुण मुलास वा सुनेस हाक मारून विचारावे, “आपली शेवटची नक्कल कोणत्या तारखेची?” उत्तर देताना कोणी ‘बहुतेक’ म्हणाले, तर आज दुकान बंद करण्यापूर्वीचे पहिले काम कोणते ते ठरले असे समजावे.

पुढील अंकात बँकेच्या नावाने येणारे खोटे संदेश कसे ओळखावेत, याविषयी बोलू. तोवर निरोप घेतो.